कोकणातल्या हायस्कूलच्या मुलांना पाणी शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?

पऱ्याकाठची

यंदा नववी-दहावीच्या जलसुरक्षेच्या तासिका माझ्याकडे आल्या आहेत. शाळा लांजा-राजापूर पट्ट्यातली, मुलं आसपासच्या वाड्यांतून चालत येणारी. एरवी मी विज्ञान शिकवते.

या विषयाचं आजवर जे पाहिलं ते असं: चित्रकला स्पर्धा, घोषवाक्यं, प्रभातफेरी, २२ मार्चला जलदिनाची शपथ आणि मग वह्या तपासून श्रेणी. आमच्याकडच्या मुलांना 'दात घासताना नळ बंद ठेवा' हे शिकवण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावरच्या वाडीतल्या मुली मार्चपासून शाळेच्या आधी विहिरीवर नंबर लावतात. दोन कळशांत घर कसं उरकायचं हे त्यांना कुणी सांगायला नको.

त्यांना जे कुणी सांगितलेलं नाही ते वेगळंच आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये त्याच गावात टँकर येतो. मधल्या काळात पाणी जातं कुठे? दहावी होऊन मुंबईला जाणाऱ्या मुलाला याचं उत्तर देता येत नाही, आणि गावात राहणाऱ्यालाही नाही. म्हणून वर्षभर मुलांनी आपल्याच वाडीचं पाणी मोजावं असं मनात आहे. पैसे नाहीत, आठवड्याला एक तासिका आहे. काय मोजावं आणि कशाने? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. पटत नसेल तर तेही लिहा.

आडवाट

वाचतोय. कोकणातल्या पाण्यावर इथे धागा निघाला की दोनशे प्रतिसाद होतात आणि शेवटी आंब्यावर येतात, तेवढं सांभाळा. :)

कातळखूण

पऱ्याकाठची ताई, मी भूगोल शिकवतो, तुमच्यापासून फार लांब नाही. आधी पाऊस मोजा. सरळ भिंतीची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवा, तळाशी खडे घालून सपाटीपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. बाहेरून पट्टी चिकटवली की झालं पर्जन्यमापक. रोज सकाळी ठरलेल्या वेळी वाचायचं, लिहायचं, शून्यावर आणायचं.

मग वर्गात हिशेब. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. हे एक वाक्य मुलांना कळलं की पुढचं ती स्वतः करतात. समजा गावाचं क्षेत्र ५०० हेक्टर आणि पाऊस ३००० मिलिमीटर. गावावर पडलं १५०० कोटी लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. हजार वस्तीच्या गावाला वर्षाला लागतात सुमारे २ कोटी लिटर. म्हणजे पडतं त्याचा साडेसातशेवा भाग! माझ्या वर्गात हे आकडे फळ्यावर आले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग टँकर कोणाच्या पाण्याचा?" त्या प्रश्नावर पुढच्या दोन तासिका गेल्या.

निवतीचो झिल

गुरुजींचो हिशोब आवडलो. पण बाटली बांधताना माकडांचो विचार करा. आमच्या शाळेतला पर्जन्यमापक माकडान काढून झाडार नेला. पोरा खाली, माकड वर, आणि पाऊस पडताहा. त्या दिवसाची नोंद काय केली ती माका अजून ठाऊक नाय.

कातळखूण

@निवतीचो झिल, आमच्याकडेही तोच त्रास. लोखंडी कडी करून खांबाला पक्की बांधतो आता. खांब मात्र झाड आणि इमारत यांच्यापासून लांब हवा, नाहीतर पागोळीचं पाणी मोजलं जातं.

चाकरमानी_डोंबिवली

सगळं छान, पण मला थोडं खटकतंय. पाणी पुरवणं ही पंचायतीची आणि शासनाची जबाबदारी आहे. मोठ्यांनी जे केलं नाही ते चौदा वर्षांच्या मुलांच्या गळ्यात का घालायचं? शहरातल्या शाळेत मुलं इंग्रजी आणि गणिताचे जादा तास करतात आणि आमच्या गावच्या मुलांनी बंधारे घालायचे, विहिरी मोजायच्या. मी अशाच गावातून शिकून बाहेर पडलो. श्रमदानाच्या नावाखाली शाळेने आमच्याकडून भरपूर माती उपसून घेतली. त्यातून पाण्याबद्दल काहीही शिकलो नाही.

पऱ्याकाठची

@चाकरमानी_डोंबिवली, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मुलांकडून फुकट काम करून घ्यायला माझाही विरोध आहे. पण मोजणं म्हणजे मातीच्या पाट्या वाहणं नव्हे. आलेख काढणं, सरासरी, घनफळ, घनता हे सगळं गणित-विज्ञानच आहे आणि ते आपल्या विहिरीवर केलं तर जास्त पक्कं बसतं. आणि जबाबदारी पंचायतीची आहे हे खरं असलं तरी पंचायतीला जाब विचारायला हातात आकडा लागतो.

बागायतदार_गुहागर

शेवटच्या वाक्याला शंभर टक्के अनुमोदन.

जांभ्यातला_झरा

भूजलाच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो.

पाणी जातं कुठे या प्रश्नाचं अर्धं उत्तर उतारात आहे. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर, आणि तेवढ्यात काही ठिकाणी हजार मीटरपर्यंतची उंची उतरायची. आपल्या नद्या तोकड्या आणि वेगवान. पावसाळ्यातलं पाणी काही तासांत खाडीला लागतं. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, त्यामुळे उरलेले आठ महिने साठ्यावर काढायचे असतात.

उरलेलं अर्धं उत्तर जांभ्यात, म्हणजे आपल्या तांबड्या दगडात. जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेलं पाणी भेगांतून झपाट्याने आत उतरतं. जांभ्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी चिकट, पांढरट-गुलाबी मातीचा थर असतो. त्यातून पाणी सहज उतरत नाही. मग ते त्या थरावरून आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीत जिथे हा थर उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. आपल्या जुन्या वाड्या, देवळं, आगरं झऱ्यांच्या रेषेवर का वसली याचं कारण हेच. मात्र जांभा जितक्या लवकर भरतो तितक्याच लवकर रिकामा होतो. ऑक्टोबरमध्ये काठोकाठ असलेली सड्यावरची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते ती यामुळे. त्यात कुणी पाणी चोरलेलं नसतं.

वर्गात दाखवायचं असेल तर एक पसरट तसराळं घ्या, तळाला मळलेली चिकणमाती उतरती थापा, वर जांभ्याचे तुकडे रचा आणि झारीने पाणी घाला. पाणी वरून दिसेनासं होतं आणि दोन थरांच्या सांध्यातून खालच्या बाजूला झिरपू लागतं. मुलं हे एकदा पाहतात आणि मग गावातला झरा दाखवला की वर सड्याकडे बघू लागतात. त्या नजरेसाठीच तर शिकवायचं.

अळू_फदफदं

काका, किती सोपं करून सांगितलंत! आमच्या घरामागचा झरा आजोबांच्या वेळी शिमग्यानंतरही वाहायचा म्हणतात. वरचा सडा सपाट करून, सुरुंग लावून खड्डे मारून कलमं लावली त्यानंतर तो लवकर आटतो असं गावात बोललं जातं. यात तथ्य असेल का?

जांभ्यातला_झरा

असू शकतं, पण घाईने बोट दाखवू नये. सड्यावरची माती, गवत, झुडपं गेली की पाणी मुरण्याआधी वाहून जातं हे खरं. त्याच वेळी खाली बोअर वाढल्या असतील, पाऊस कमी दिवसांत पडत असेल. म्हणून तर नोंद हवी. झऱ्याखाली बादली धरायची, ती भरायला किती सेकंद लागले ते लिहायचं. दर पंधरवड्याला, ऑक्टोबर ते मे. असं पाच-सहा वर्षांचं टिपण शाळेत असेल तर त्या झऱ्याबद्दल इतकी माहिती दुसऱ्या कुणाकडेही नसेल.

आडवाट

बघा, कलमं आली. आता आंबा दूर नाही. :)

दर्यावर्दी

आम्ही खाडीकाठचे. आमच्याकडे प्रश्न निराळा आहे. विहिरीत पाणी मे महिन्यातही दिसतं, पण मचूळ. चहा केला की फाटतो की काय असं वाटतं. समुद्राचं पाणी आत शिरतं हे सगळे म्हणतात, पण कसं शिरतं हे मुलांना सांगायला काही प्रयोग आहे का?

कातळखूण

@दर्यावर्दी, हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट असतंच. विहिरीच्या पाण्यात थेंब टाकला की क्षार जितके जास्त तितका पांढरा साका दाट. डिसेंबर, मार्च, मे असे तीन महिन्यांचे नमुने शेजारी शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांना दिसतो. हातावर सांडलं तर काळे डाग पडतात, तेव्हा शिक्षकांनीच थेंब टाकावा.

जांभ्यातला_झरा

त्याला जोड द्या घनतेची. गोडं पाणी १.०००, समुद्राचं सुमारे १.०२५. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असतं असा ठोकताळा आहे. म्हणजे उपसा करून वरची पातळी १ मीटरने उतरवली तर खालून खारं पाणी सिद्धांताप्रमाणे ४० मीटर वर सरकायला मोकळं. प्रत्यक्षात दगड, भेगा, पुळण यांवर बरंच अवलंबून असतं, पण पंप किती तास चालवावा याचा विचार करायला हा आकडा पुरेसा आहे. काचेच्या ग्लासात रंगीत मिठाचं पाणी घालून त्यावर चमच्याच्या आधाराने हळूच साधं पाणी ओतलं तर दोन थर उभे राहतात. वरचं पाणी स्ट्रॉने ओढायला लावा.

बागायतदार_गुहागर

हे सगळं पर्यटनालाही लागू. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा झाला, आमचा किनाराही आता तसाच भरतो. मे महिन्यात विहिरी सर्वांत खाली आणि घरगुती निवासांच्या खोल्या सर्वांत भरलेल्या. पाहुण्यांना दोन वेळा शॉवर हवा. पंप कुठे किती तास चालतात हे मुलं सहज नोंदवू शकतील. पण गावात ते कोणाला आवडेल?

खारवी_मास्तरीण

नाहीच आवडत, हे मी अनुभवाने सांगते. आमच्या मुलांनी विहिरींच्या पातळीचा तक्ता शाळेच्या फलकावर लावला. त्यात विहिरीपुढे मालकाचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी दोन पालक शाळेत. "माझ्या पंपाचा हिशेब पोरं कशाला करतात?" मुख्याध्यापकांनी तक्ता काढायला लावला. वर्गातल्या मुलांचे चेहरे पडले होते.

पुढच्या वर्षी आम्ही फक्त सार्वजनिक विहिरी, देवळाची तळी आणि शाळेची विहीर घेतली. खाजगी विहीर घ्यायची तर मालकाला आधी विचारून, आणि नोंदीत वाडीचं नाव व क्रमांक. कुणाचंही नाव नाही. त्यानंतर एका गृहस्थांनी आपण होऊन स्वतःची विहीर मोजायला दिली.

ताई, आणखी एक. कोणाच्या घरी पाणी कोण भरतं हा प्रश्न वर्गात उघड विचारू नका. चिठ्ठीवर, नाव न लिहिता घ्या. आमच्याकडे चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्यांवर आई, आजी, ताई किंवा 'मी', आणि तो 'मी' मुलींचा. मग १५ लिटरचा हंडा म्हणजे पाण्याचंच वजन १५ किलो, खेपा किती, चढ किती, हे गणित मुलांनी केलं. गणित सोडवून झाल्यावर दोघा-तिघा मुलगे आपण होऊन म्हणाले की आम्ही भरू शकतो की. बाकीचे गप्प होते, पण ऐकत होते.

अळू_फदफदं

हा प्रतिसाद माझ्या वहीत उतरवून घेतलाय.

वाशिष्ठीपुत्र

चिपळूणकडून बोलतो. धाग्यात फक्त टंचाई आहे, पुराबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या मुलांनी २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलाय. पहिल्या मजल्यावरून आईवडिलांबरोबर उतरलेली मुलं आज हायस्कूलात आहेत. त्यांना पाणी म्हणजे आधी तेच आठवतं. भरतीची वेळ, नदीतला गाळ, वरच्या भागात काही तासांत पडलेला पाऊस, पूररेषेतलं बांधकाम, हे सगळं एका नदीच्या नकाशावर मांडता येतं. भरतीचे तक्ते मिळतात, पावसाच्या नोंदी मिळतात. मुलांनी दोन्ही एका कागदावर लावून बघावीत.

आणि कोयना! सह्याद्रीच्या पलीकडचं पाणी बोगद्यातून इकडे येतं, पोफळीत वीज करतं, कोळकेवाडीत पुन्हा वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायला ६७.५ टीएमसी पाणी मान्य केलं आहे. १ टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. वीज झाल्यावर त्यातलं बहुतेक पाणी खाडीमार्गे समुद्रात. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात डोंगरवाड्यांना टँकर. हे का होतं यावर दहावीची मुलं उत्तम वादविवाद करतील.

चाकरमानी_डोंबिवली

हेच म्हणतोय मी! एवढं पाणी समुद्रात जात असताना मुलांना बाटल्या कापायला लावायच्या? योजना करा, पाइपलाइन टाका.

वाशिष्ठीपुत्र

दादा, पाणी नदीच्या तळाशी आहे आणि वाडी तीनशे मीटर वर. ते चढवायला वीज लागते, बिल भरायला वाडी लागते. नळयोजना होऊन पंप बंद पडलेली गावं तुम्हीही पाहिली असतील. पाइपलाइन नको असं कुणीच म्हणत नाही. पण वरच्या झऱ्याचं पाणी उतारानेच घरात येत असेल तर तो झरा जपणं स्वस्त पडतं.

चाकरमानी_डोंबिवली

हे मान्य. उताराचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. श्रमदानाबद्दल मात्र मत तेच.

रानमेवा

शाळेच्या छपरावरचं पाणी का साठवत नाही? २०० चौरस मीटर छप्पर × ३००० मिलिमीटर = ६ लाख लिटर. गळती-उडती धरून ८० टक्के घेतलं तरी ४ लाख ८० हजार. शाळेचा वर्षाचा प्रश्न मिटला!

कातळखूण

@रानमेवा, गणित बरोबर, पण ते साठवायला टाकी किती मोठी लागेल तेही मुलांकडून काढून घ्या. ४८० घनमीटर, म्हणजे १६ मीटर लांब, १० मीटर रुंद, ३ मीटर खोल. तेवढी जागा आणि पैसा कुठल्या शाळेकडे? त्यापेक्षा प्रश्न असा विचारा: विहीर आटल्यापासून सुट्टी लागेपर्यंतचे शाळेचे दिवस समजा ६०, मुलं २००, पिण्यापुरतं माणशी २ लिटर. २४ हजार लिटर. ही टाकी होऊ शकते. पहिल्या पावसाचं छप्पर धुतलेलं पाणी बाहेर सोडायची सोय, जाळी, झाकण, आत उजेड शिरणार नाही असं बांधकाम, एवढं सांभाळलं की झालं.

बागायतदार_गुहागर

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण जलकुंड पण दाखवा मुलांना. खड्डा खणायचा, प्लास्टिकचा कागद अंथरायचा, पावसात भरून घ्यायचा आणि त्या पाण्यावर काजू-आंब्याची कोवळी रोपं उन्हाळा काढतात. शेतकऱ्याच्या मुलांना हे लगेच उमगतं.

आडवाट

आंबा! प्रतिसाद मोजले, माझ्या अंदाजाच्या कितीतरी आधी.

देवराईतली

बंधाऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वनराई बंधारे घालायची मोहीम येते. सिमेंटच्या रिकाम्या गोणी, माती-वाळू भरायची, पऱ्यात (ओढ्यात) रचायच्या, फोटो. काम चांगलं आहे, वरच्या अंगाच्या विहिरींना खरंच दोन महिने जास्त पाणी राहतं. पण उन्हाने त्या गोण्या फाटतात आणि पहिल्या पावसात सगळे धागे-चिंध्या पऱ्यातून नदीत, नदीतून खाडीत. पर्यावरणाच्या नावाने केलेल्या कामातून प्लास्टिक समुद्रात जातं, हे मुलांनी पाहिलेलं आहे. त्यांनी विचारलं तर उत्तर काय देणार?

निवतीचो झिल

खरा सांगलास. माझ्या खाडयेतल्या जाळ्यात ते धागे मासळीपेक्षा जास्त गावतत.

जांभ्यातला_झरा

दोन उपाय. एक, मे महिन्यात गोण्या काढून घेण्याचं वेळापत्रक बंधारा घालतानाच ठरवायचं. दोन, जुन्या पद्धतीचा कच्चा बंधारा: पऱ्यातलेच दगड, चिकणमाती, मध्ये पेंढा आणि पाला. वायंगणी शेतीसाठी (पावसाळ्यानंतरच्या भातासाठी), सुपारीच्या पाटासाठी आपले लोक हेच करत आले. पावसात तो आपोआप वाहून जातो आणि काहीही मागे ठेवत नाही. वेळ मात्र गाठायची. पऱ्याची धार बारीक होत आली पण तुटली नाही, तेव्हाच. जानेवारी संपताना घातलेला बंधारा फोटोपुरता.

@चाकरमानी_डोंबिवली, मुलांना दगड उचलायला लावू नका हे मलाही पटतं. दगड मोठ्यांनी उचलावेत. मुलांनी बंधाऱ्याच्या आधी आणि नंतर वरच्या विहिरीची पातळी मोजावी. बंधाऱ्याचा उपयोग झाला की नाही हे सांगणारं गावात दुसरं कोणी नसतं.

दर्यावर्दी

थोडं विषयांतर. झाडं लावण्याच्या कार्यक्रमांत अजून आकेशियाची रोपं वाटतात. आमच्या हायस्कूलच्या मागे त्याचंच रान आहे. खाली गवताचं पातं उगवत नाही. त्यापेक्षा खाडीकाठची मुलं कांदळवनात न्या. पांढरी चिप्पी २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष झाली, पण ती ओळखू येणारी मुलं किती? चिखलात टोकदार मुळं वर आलेली दाखवली की श्वसनाचा धडा तिथेच होतो. मग मासे, कालवं, खेकडे कुठे वाढतात तेही कळतं.

देवराईतली

आणि सड्यावर जुलै-ऑगस्टमध्ये. कातळावरच्या डबक्यांत सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. 'ओसाड कातळ' म्हणून ज्याच्यावर सगळे कचरा टाकतात तो दोन महिने असा असतो हे पाहिल्यावर मुलं कचरा टाकताना थांबतात. आमच्या गावी तरी थांबली.

मेढ्यातला_मी

मालवण तालुक्यातले असाल तर धामापूरचा तलाव. १५३० साली बांधलेला आणि आजही पाणी देतोय. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पाचशे वर्षांपूर्वी जागा कशी निवडली असेल, डोंगरांच्या मध्ये बांध कुठे घातला, हे नकाशा घेऊन उभं राहून बघण्यासारखं आहे. सहल न्यायची तर वॉटर पार्कपेक्षा इथे न्या.

पऱ्याकाठची

इतकं भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! दोन दिवस वाचून काढून, मुख्याध्यापकांशी बोलून जे ठरवलं ते लिहिते.

पावसाळाभर पर्जन्यमापक, पाळीपाळीने. त्याच वेळी तसराळ्यातला जांभा-मातीचा प्रयोग आणि एक फेरी सड्यावर. सप्टेंबरअखेर गावाचा पाण्याचा ताळेबंद वर्गात मांडायचा, कातळखूण सरांच्या पद्धतीने. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो मुलांनीच वाचावा आणि बंधारा कुठे व कधी घालायचा ते गावाने ठरवावं. ऑक्टोबरपासून शाळेची विहीर, सार्वजनिक विहिरी आणि देवराईतला झरा, पंधरवड्याला एकदा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आलेख. टंचाई सुरू व्हायला तेव्हा अजून अवकाश असतो, त्यामुळे काही ठरलं तर करायला वेळ राहतो. मार्चमध्ये आकडा पुढे केला तर फक्त टँकरचा अर्ज होतो.

खारवी मास्तरीण यांची नावं न लिहिण्याची सूचना पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे. कुणीही मूल एकटं विहिरीवर जाणार नाही, कठडा नसलेली विहीर घेणार नाही, हेही.

एक राहिलं. पाणी पिण्याजोगं आहे का, हे मुलांना दाखवायचं आहे. शाळेत काय करता येईल?

खारवी_मास्तरीण

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला वर्गात बोलवा. विहिरीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर किती आणि कशी टाकायची, मग क्लोरीन उरलं का बघायची ओटी टेस्ट, हे तो रोजचं काम म्हणून करत असतो. मुलांसमोर त्याला सन्मानाने उभं करा, खूप मनापासून सांगतो. पंचायतींना तपासणीचे संच आणि जंतूंसाठी छोट्या बाटल्या मिळतात. त्या बाटलीत नमुना भरून ठेवायचा, एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर ते पिण्याजोगं नाही. नंतर ती बाटली मुलांनी उघडायची नाही, ब्लिचिंग घालून जलसुरक्षकानेच विल्हेवाट लावायची.

निकाल वाईट आला तर वर्गात जाहीर करण्याआधी सरपंचांना सांगा आणि त्याच संध्याकाळी त्या वाडीला पाणी उकळून प्यायचा निरोप जाईल असं बघा.

अळू_फदफदं

विहिरीची पातळी मोजायला टेप महाग पडेल ना?

कातळखूण

नायलॉनची दोरी, टोकाला वजन, दर अर्ध्या मीटरला गाठ आणि दर मीटरला रंगीत फडकं. सुंभ नको, भिजलं की आखडतं. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा, नाहीतर दोन मुलांचे दोन आकडे येतात. नोंदवहीचा नमुना मी बनवला आहे: तारीख, वेळ, खूणेपासून पाण्यापर्यंतची खोली, आदल्या दिवसाचा पाऊस, उपसा चालू होता का, मोजणाऱ्यांची सही. ताई, निरोपातून पत्ता कळवा, छापील प्रती पाठवतो.

चाकरमानी_डोंबिवली

दोरी, रंग, बाटल्या, प्रतींचा छपाईखर्च माझ्याकडून. आणि २ ऑक्टोबरला मी गावी असेन. आमचं गाव तुमच्या शेजारचंच, तेव्हा बंधाऱ्याचे दगड उचलायला आमच्या वाडीतले चार जण घेऊन येतो. तारीख कळवा फक्त.

पऱ्याकाठची

निरोप पाठवला आहे दोघांनाही. बंधाऱ्याची तारीख पऱ्याची धार बघून ठरेल, त्यामुळे फक्त आठवडाभर आधी सांगता येईल. चालेल ना?

चाकरमानी_डोंबिवली

चालेल.